कवेलू फेरण्याच्या नोंदी : पाच खोल्या, एक घरमालक

८ जून २०२५, रविवार

नवी वही काढली. वर लिहिलं, 'छत'.

गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा–नेर पट्ट्यातलं. बाजारओळीत रस्त्याकडे तोंड केलेल्या एका रांगेत पाच खोल्या, सगळ्या किरायाच्या. पहिलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, मागच्या अर्ध्यात मी राहतो. दुसरीत नर्सबाई, तिसरीत टेलरताई. चौथीत जिल्हा परिषद शाळेचे दोन गुरुजी, शनिवारी दुपारी गावी जातात आणि सोमवारी सकाळी उगवतात. पाचवी कृषी केंद्रवाल्या भाऊंचं गोडाऊन. छत देशी कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, मागच्या पडवीवर टीन.

देशी कवेलू दरवर्षी फेरावे लागतात. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे, सांदीतला कचरा झाडायचा. मृग लागायच्या आत हे होतं, निदान व्हायचं. आमच्या रांगेवर शेवटचे फेरले २०२२ मध्ये. त्यानंतर दोन उन्हाळे माकडांनी छताचं मैदान केलं आहे. चिंचेवरून उडी मारतात ती थेट नर्सबाईंच्या आढ्यावर. घरमालक काकाजींना मागच्या वर्षी तीनदा सांगितलं, यंदा दोनदा. उत्तर एकच, "पाहू बावा, कापसाचे पैसे येऊ द्या."

१९ जून, गुरुवार

काल रात्री साडेदहापासून दोन तास झोडपलं. दुकानात चार ठिकाणी धार. प्रिंटरवर ताडपत्री होती म्हणून वाचला, पण ए-फोर कागदाचं अर्धं रिम लगदा झालं. खरी भीती वेगळीच होती. बोर्डाच्या वरून पाण्याचा ओघळ भिंतीवरून उतरत होता. टेलरताईंनी शिलाई मशीनच्या मोटरचं बटण दाबलं आणि झटका बसला. हाताला मुंग्या येण्यावर निभावलं. मेन स्विच पाडून आम्ही पाचही खोल्या रात्रभर अंधारात बसलो.

वायरमन सकाळी आला, म्हणाला, मीटरपर्यंतचं महावितरण पाहतं, मीटरच्या पुढचं सगळं घरवाल्याचं. घरवाला म्हणजे कोण, राहणारा की मालक, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, त्याला पुढच्या गावी जायचं होतं.

२० जून

दिवसभर मोजमाप. शिडी गुरुजींच्या शाळेतून आणली. खोलीनिहाय फुटके कवेलू मोजले : माझ्याकडे ६४, नर्सबाईंकडे ११२ (चिंच), टेलरताईंकडे ४०, गुरुजींकडे ५८, गोडाऊनवर ९० च्या आसपास, तिथं पाय ठेवायची हिंमत झाली नाही. कारण वाशाला हात लावला तर बोट आत गेलं. वरून लाकूड शाबूत दिसतं, रंगही तोच. आत उधईनं (वाळवीनं) सगळं पोखरून मातीच्या नळ्या करून ठेवल्यात. दाबलं की बिस्किटासारखं चुरतं. ते वासे आणखी एक पावसाळा काढतील असं मिस्त्रीही म्हणणार नाही.

फोटो काढले, प्रत्येक फोटोत त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरलं. ही युक्ती कृषी केंद्रवाल्या भाऊंची. पीकविम्याच्या वेळी अंगवळणी पडलेली.

२२ जून, रविवार

गोडाऊनसमोर बैठक. गुरुजीही थांबले होते, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मला तिथंच कळलं.

भाऊंचं म्हणणं सरळ, किराया बंद करा, आठवड्यात येतील पळत. त्यांची युरियाची अकरा पोती ओली होऊन दगड झाली आहेत, राग समजतो. नर्सबाई म्हणाल्या, बंद करायचा आणि उद्या त्यांनी म्हटलं की हे किरायाच देत नाहीत, मग? वाद बराच चालला. मी नर्सबाईंच्या बाजूनं. किराया थकवला की तक्रार करणारे आपण उरतच नाही, थकबाकीदार होतो. गावात 'याच्याकडं सहा महिन्यांचा किराया बाकी आहे' हे एक वाक्य फुटक्या कवेलूंच्या सगळ्या फोटोंना भारी पडतं.

ठरलं : जूनचा किराया वेळेवर, आणि यापुढं रोख नाही. फोन पे करायचं, तेही 'जून किराया खोली नं. १' असं लिहून.

२५ जून, बुधवार

दारव्ह्याला गेलो, मी आणि नर्सबाई. तालुका विधी सेवा समितीकडून वकील मिळाले, फुकट. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्यात बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. म्हणून अर्ज नर्सबाईंच्या नावानं केला.

वकीलसाहेबांनी चहा सांगितला आणि पहिला प्रश्न टाकला, "गाव ग्रामपंचायतीचं की नगरपरिषदेचं?" मला वाटलं पत्ता विचारतायत. पण सगळं तिथंच अडलं होतं.

मी मोबाईलवर वाचून गेलो होतो : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक. तो हयगय करत असेल तर भाडेकरूनं एकट्यानं किंवा सगळ्यांनी मिळून कमीत कमी पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. वाजवी वेळेत केलं नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च किरायातून कापायचा. मिळून केली तर ज्याच्या त्याच्या किरायाच्या प्रमाणात वाटणी, वर १५ टक्के सरळ व्याज. पण एका वर्षात वर्षाच्या किरायाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापता येत नाही. भाडेकरूनं ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा. मी वाचत गेलो, ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "छान आहे. फक्त हा कायदा सगळीकडे लागू नाही." जोडलेल्या अनुसूचींत जी गावं-शहरं आहेत तिथंच तो चालतो. पुस्तक उघडून त्यांनी आमचं गाव शोधलं. नाही.

म्हातारे वकील आहेत. बोलता बोलता १९४९ च्या सीपी अँड बेरार भाडे आदेशाच्या आठवणीत शिरले. तेव्हा विदर्भात भाडेकरूला काढायचं तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागायची म्हणे. नर्सबाईंनी घड्याळ पाहिलं, शेवटची बस पाचला.

मग आम्हाला काय लागू? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चा. कलम १०८ मध्ये तीच सोय आहे : मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्यानं नोटिशीनंतर वाजवी वेळेत केली नाही तर भाडेकरूनं करावी, खर्च व्याजासह किरायातून कापावा. मेख 'बंधनकारक असलेली' या शब्दांत. १९९९ चा कायदा ते बंधन स्वतः घालतो, हा घालत नाही. बंधन करारातून यायला हवं, आणि आमचा करार म्हणजे पाच वर्षांपूर्वी काकाजींच्या ओसरीवर झालेलं बोलणं. (तोंडी किरायाही कायद्यात बसतो, महिन्याचा धरतात.)

इथं साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, कलमाची सुरुवात वाचा. 'विरुद्ध करार किंवा स्थानिक रूढी नसेल तर' असं आहे. म्हणजे रूढीला त्या कलमात जागा आहे. तुमच्या गावात कवेलू कोण फेरतं?

मालक. कायम मालकच. मी लहान असल्यापासून तेच पाहतोय.

"मग तेच सिद्ध करा. काकाजींनी किती वर्षं स्वखर्चानं फेरले ते नोटिशीत लिहा, साली घालून."

आणखी एक सांगितलं, ते ऐकून बसमध्ये दोघंही गप्प होतो. आमच्यासारखा महिन्याचा किराया पंधरा दिवसांच्या नोटिशीनं संपवता येतो, दोन्ही बाजूंना. तुम्ही दुरुस्तीची नोटीस द्याल, ते खाली करायची देऊ शकतात. सामान रस्त्यावर फेकता येणार नाही, त्यासाठी कोर्टच लागेल. पण भांडण कुठपर्यंत न्यायचं ते आधी ठरवा.

२७ जून

ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढला. घर अजून काकाजींच्या वडिलांच्या नावावर आहे आणि ते वारून नऊ वर्षं झाली. वारस तीन : काकाजी इथं, एक भाऊ नागपूरला, एक पुण्याला. किराया काकाजी घेतात.

वकीलसाहेबांना फोन. म्हणाले, जो किराया घेतो त्याच्या नावे नोटीस, बाकी दोघांना प्रत.

रूढीच्या पुराव्यासाठी जुना मिस्त्री गाठला. २००८ पासून २०२२ पर्यंत मधली दोन वर्षं सोडून आमच्या रांगेचे कवेलू त्यानंच फेरलेत. मजुरी दर वेळी काकाजींकडून, एकदा पैशाऐवजी दोन पायल्या तूर. त्याचं म्हणणं लिहून घेतलं, अंगठा नको म्हणाला, सही केली. सही वळणदार आहे. माझ्यापेक्षा.

३० जून, सोमवार

नोटीस लिहिली. पहिला मसुदा भाऊंनी सांगितलेला, 'कायदेशीर कारवाई', 'नुकसानभरपाई' वगैरे. फाडला. दुसरा असा :

'आदरणीय काकाजी यांस. आम्ही खालील सही करणारे आपले किरायेदार. आपण २००८ पासून स्वखर्चाने कवेलू फेरून देत आला आहात. २०२२ नंतर ते झालेले नाही. दि. १८ जूनच्या पावसात पाचही खोल्यांत पाणी आले, विजेच्या बोर्डात ओल उतरून एकीला झटका बसला. वासे उधईने खाल्ले आहेत. फोटो व मोजमाप सोबत. ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम सुरू करावे. न केल्यास आम्ही करून घेऊ व पावत्या दाखवून खर्च किरायातून वजा करू. किराया नियमित चालू राहील.'

शेवटचं वाक्य नर्सबाईंचं. सगळ्यांत जड तेच झालं.

फोटो छापून जोडले. मोबाईलमधले फोटो कोर्टात चालतात, पण त्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाखाली प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून मूळ फोटो डिलीट करू नका, फोन विकू नका, असं सगळ्यांना बजावलं. (नंतरची भर : गुरुजींचा फोन आठवड्यात फुटला, ते वेगळं.)

१ जुलै

तिन्ही लखोटे रजिस्टर एडी. पावत्या वहीत चिकटवल्या.

७ जुलै, सोमवार

शनिवारी काकाजींची पोचपावती आली. त्यांचं घर दुकानापासून दीडशे पावलांवर आहे, नोटीस दारव्ह्यावरून फिरून त्यांच्याकडे पोचली.

आज स्वतः आले. दुकानात गर्दी, पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म. सगळ्यांसमोर, "नोटीस कायले धाडली बावा? मी का मरून गेलतो? घरी येऊन सांगाचं होतं." मी म्हटलं, काकाजी, पाच वेळा सांगितलं. तर म्हणाले, "सांगणं येगळं. पोस्टमन घरी आला, सून म्हणते काय केलं मामंजींनी. गावात माझी काय राह्यली?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पंधरा दिवसांचा हिशेब मी केला होता, पोस्टमनचा केला नव्हता. आधी चौघांसमोर बसून एक कागद करायला हवा होता, पोस्ट नंतर. पुढच्या वेळी तसं.

१० जुलै

कालपासून बोअरची मोटर बंद. 'जळाली' म्हणतात. त्यांच्या घरची त्याच बोअरची लाईन चालू आहे. वकीलसाहेब म्हणाले, भाडे नियंत्रण कायदा जिथं आहे तिथं पाणी-वीज तोडायला कलम २९ ची मनाई आहे. तुम्हाला दिवाणी कोर्टात जाऊन मनाईहुकूम मागावा लागेल. नर्सबाई पंचायतीच्या नळावरून घागरी भरतायत. ज्या नळावर त्या डेंग्यूबद्दल सांगतात, तिथल्या बायका आता त्यांनाच विचारतात, तुमच्या छताचं काय झालं?

१२ जुलै, शनिवार

कोर्टाऐवजी तंटामुक्त समिती. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ ची, आमची समिती तेव्हाचीच, अधूनमधून जागी होते. बैठक मारुतीच्या पारावर. मी वही नेली होती.

काकाजी खूप वेळ गप्प होते. मग निघालं ते खरं : किरायाचे महिन्याला दहा हजार येतात, त्यातले दोन हिस्से भावांना जातात. खर्चाचं नाव काढलं की नागपूरवाला म्हणतो विकून टाका, पुण्यावाला फोन उचलत नाही. "हिस्सा तिघांचा आन कवेलू माझे एकट्याचे?"

मला हे माहीत नव्हतं. माणूस कंजूष आहे असं मी या वहीतच मागं दोनदा लिहिलंय, ते खोडत नाही, राहू दे.

समितीच्या अध्यक्षांनी मिस्त्रीचा कागद वाचला आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, गावात कवेलू कोण फेरते? पाच-सहा जण एकदम, "मालक." रूढी सिद्ध करायला यापरतं काय लागतं! ठरलं ते असं : पैसे आम्ही घालायचे, किरायातून कापायचे. वाशांसाठी काकाजी आपल्या धुऱ्यावरच्या निलगिरीच्या बल्ल्या देणार. मोटर आज संध्याकाळी चालू. खोल्या खाली करा असं वर्षभर म्हणायचं नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहिलं, माझ्याच दुकानात, सहा प्रती.

मोटर सात वाजता चालू झाली. जळालेली मोटर इतक्या लवकर दुरुस्त झालेली पहिल्यांदा पाहिली.

१८ जुलै

पाऊस. बादल्या सहा.

२३ जुलै

मिस्त्री मिळेना. सगळे हात निंदण-फवारणीत. कवेलूही मिळेनात. कुंभारानं देशी कवेलू करणं सोडून दिलंय, इंग्रजी कवेलू आमच्या उतारावर बसत नाहीत. शेवटी शेजारच्या गावात एकाचं घरकुल मंजूर होऊन जुनं घर पाडलं जात होतं, तिथून सहाशे कवेलू सहा रुपये नगानं उचलले. अर्ध्यांवर चुलीचा धूर बसून ते काळे कुळकुळीत झालेत. मिस्त्री म्हणतो, धूर खाल्लेला कवेलू पाणी कमी पितो. पडताळायची सोय नाही, पण त्यानं एकेक कवेलू बोटानं वाजवून निवडला. टणटण आवाज आला तर ठेवायचा, बद्द वाजला तर बाजूला. एकोणतीस बाजूला गेले.

२ ते ६ ऑगस्ट

पाच दिवस काम. पहिल्या दिवशी गोडाऊनचे वासे उतरवले. एक हातातच मोडला. काकाजी खाली उभे होते, त्यांनी तो उचलला, तुकडा तोडून पाहिला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दोन बल्ल्या जास्तीच्या पाठवल्या.

नर्सबाईंच्या आढ्यावर कवेलू लावायचेच नाहीत असं मिस्त्रीनं ठरवलं. माकडं तिथंच उतरणार. आढ्याच्या दोन्ही अंगांनी टीन टाकलं, खालच्या उतारावर कवेलू. टिनावर माकडाचा पाय घसरतो आणि आवाजानं ते बिचकतं म्हणे. (पहिल्या दिवशी बिचकलं. आता सरावलंय, पण टीन फुटत तर नाही.) बोर्ड ओल्या भिंतीवरून काढून मधल्या भिंतीवर घेतला, ट्रिपर बसवला.

चौथ्या दिवशी दुपारी उघड्या छतावर सर आली. ताडपत्री ओढेपर्यंत टेलरताईंचे चार ब्लाऊज भिजले, गिऱ्हाईकाचे. तो खर्च हिशेबात धरायचा का यावर अर्धा तास. नाही धरला. आम्ही चौघांनी मिळून दिला.

९ ऑगस्ट

एकूण २७,६०० रुपये. मजुरी ८,०००, टीन ७,६००, कवेलू ३,६००, बाकी वायरिंग, पाट्या, हुक-खिळे, ताडपत्री, ट्रॅक्टर. ताडपत्री दुरुस्तीत येते का असं काकाजींनी विचारलं. पुढच्या वर्षी ती तुमच्या घरी राहील म्हटलं, मग चाललं.

पाच खोल्यांचा किराया महिन्याला १०,०००, वर्षाचे १,२०,०००. चौथा हिस्सा ३०,०००. तो कायदा आम्हाला लागू नसला तरी माप म्हणून तेच घेतलं, काकाजींनाही पटलं. बारा महिने दरमहा २,३०० कापायचे, किरायाच्या प्रमाणात : माझे २,५०० मधून ५७५, नर्सबाईंचे ४१४, टेलरताईंचे ३४५, गुरुजींचे ४६०, भाऊंचे ५०६. व्याज सोडलं. बल्ल्यांची किंमत धरली तर आम्हीच काकाजींचं देणं लागत होतो.

२२ ऑगस्ट

पोळा. बैल मिरवून काकाजी रांगेसमोर थांबले, वर पाहिलं. टेलरताईंनी बैलांना पुरणपोळी चारली. आज रात्री पाऊस झाला, खोल्या कोरड्या. नर्सबाईंच्या कोपऱ्यात एक ओघळ, तो भिंतीतून येतो, छतातून नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

पहिला कापलेला किराया. काकाजींनी पावत्या दिल्या, पाच वर्षांत पहिल्यांदा. पावतीवर 'दुरुस्तीपोटी वजा ५७५' असं लिहायला लावलं. आम्ही नोटीस पाठवली ते पोस्टाचं रजिस्टर आजपासून स्पीड पोस्टात विलीन झालं.

१४ सप्टेंबर, रविवार

भिंतीची ओल मालकाची की नर्सबाईंच्या न्हाणीची, हा नवा वाद. मिस्त्री बुधवारी येऊन प्लास्टर खरवडून पाहणार आहे.

संध्याकाळी काकाजी दुकानात. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसले, मग खिशातून चुरगळलेला कागद काढला. आमचीच नोटीस. म्हणाले, "हे पंधरा दिवसवालं, भावाइच्या नावानं करून दे. दोघाइच्या. खर्च तिघाइचा हाये असं लिवजो." मी टाइप करायला बसलो. 'आदरणीय' ठेवू का विचारलं. थोडा वेळ विचार करून म्हणाले, नागपूरवाल्याला ठेव.

दोन पानं, दोन प्रती, वीस रुपये. किरायात कापू का म्हटलं तर रोख दिले.